घरगल्लीतल्या डक्टचा घुमारा आणि फीडबॅकची वेसण

विचारलेलं थोडक्यात असं. दादरच्या एका जुन्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर उपाहारगृह आहे. स्वयंपाकघरातला धूर स्क्रबरमधून (धुरातलं तेल काढणाऱ्या यंत्रातून) ब्लोअरकडे येतो आणि तिथून घरगल्लीतल्या, म्हणजे इमारतींमधल्या अरुंद बोळातल्या, ४५० बाय ४५० मिलिमीटरच्या पत्र्याच्या डक्टने गच्चीवर जातो. ब्लोअर पट्ट्यावर चालणारा सेंट्रिफ्युगल, १० पाती, ९०० आरपीएम. सायलेन्सर बसवल्यावर हवेची फुसफुस कमी झाली, पण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर रात्री सतत 'घूंऽऽ' असा घुमारा येतोच. एक माइक, एक स्पीकर आणि फीडबॅक कंट्रोलर (माइकने ऐकलेला आवाज उलटवून स्पीकरने सोडणारं सर्किट) एवढ्यावर तो मारता येईल का?

येईल, पण फक्त तो एक सूर. डक्टमधला सगळा आवाज फीडबॅकने जाईल अशी अपेक्षा ठेवली तर पैसे वाया जातील. फीडबॅकला पुढे काय येणार हे आधी कळवणारं कोणी नसतं. माइकपाशी आवाज पोचून गेल्यावरच त्याला खबर लागते. म्हणून ज्या आवाजाचा पुढचा क्षण मागच्या क्षणांवरून ओळखता येतो, तेवढाच त्याच्या तावडीत सापडतो. पात्यांचा सूर तसा असतो, वाऱ्याची सळसळ तशी नसते.

आधी तो सूर खरंच पात्यांचा आहे ना, ते बघा. आरपीएम गुणिले पाती भागिले ६०, म्हणजे ९०० × १० ÷ ६० = १५० हर्ट्झ. पुलीच्या हिशेबावर विसंबू नका, पट्टा घसरतो. पुलीवर चकाकणारी पट्टी चिकटवून टॅकोमीटरने आरपीएम मोजा. सूर बघायला फोनमधलं स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला सूर किती जोरात आहे ते, दाखवणारं ॲप पुरतं. त्यात १०० हर्ट्झला उंचवटा दिसला तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा, मोटरच्या लोखंडाचा आवाज असण्याची शक्यता जास्त. दोन्हींतला फरक कळायला उपकरणही लागत नाही. मोटरचा स्विच बंद करा आणि ऐका. विजेचा आवाज त्याच क्षणी तुटतो. पात्यांचा सूर मात्र ब्लोअर मंदावत जाईल तसा खाली खाली घसरत जातो.

दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची. आवाज डक्टमधल्या हवेतून येतोय की भिंतीतून? जुन्या इमारतीत डक्टचे ब्रॅकेट थेट भिंतीत ठोकलेले असतात आणि ब्लोअरखालचे रबर दगडासारखे कडक झालेले असतात. तसं असेल तर हवेतला आवाज मारून काही होणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सोसायटीला सांगून रात्री दहा मिनिटं ब्लोअर आणि डक्ट यांमधला कॅनव्हासचा जोड सोडवा, डक्टचं तोंड जाड प्लायने बंद करा आणि ब्लोअर चालवून तिसऱ्या मजल्यावर ऐका. घुमारा तसाच राहिला तर स्प्रिंग माउंट, नवा कॅनव्हास आणि ब्रॅकेटखाली निओप्रीन हे काम आधी. तो गेला किंवा बराच उतरला तरच पुढचं वाचा.

सायलेन्सरने हा सूर का मारला नाही? धूर ४० अंशांचा धरला तर ध्वनीचा वेग सुमारे ३५५ मीटर प्रतिसेकंद. १५० हर्ट्झची तरंगलांबी ३५५ ÷ १५०, म्हणजे जवळजवळ २.४ मीटर. एवढ्या लांब लाटेला सायलेन्सरमधलं ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडाची लोकर) जवळपास दिसतही नाही.

स्पीकर विकत घेण्याआधी दोन साधे उपाय करून बघा, माझं मत विचाराल तर यांच्यापासूनच सुरुवात व्हावी. पहिला, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) बसवून रात्री गर्दी ओसरल्यावर वेग २० टक्क्यांनी उतरवणं. पंख्याचा आवाज साधारण वेगाच्या पाचव्या घाताने बदलतो, त्यामुळे सुमारे ५ डेसिबल कमी होतात आणि वीज निम्म्यावर येते. दुसरा, पाव लांबीची बंद नळी. डक्टच्या बाजूला एक पत्र्याची नळी काढायची, टोक बंद, लांबी तरंगलांबीच्या पाव, म्हणजे सुमारे ५९ सेंटिमीटर. टोकाला पुढेमागे सरकणारी झडप ठेवली की कानाने सूर जुळवता येतो. नळीला डक्टच्या दिशेने उतार द्या, नाहीतर महिन्याभरात आत तेल साचेल. तिची अडचण एकच, ती फारच थोड्या पट्ट्यात चालते. धूर २८ अंशांवरून ४५ अंशांवर गेला की तिचा सूर १५० वरून १५४ वर सरकतो, वर पट्टा घसरून ब्लोअरचा सूर उलट दिशेला जातो. दुपारी छान आणि रात्री नऊला बिनकामाची, असं होतं ते यामुळे. ॲक्टिव्ह, म्हणजे स्पीकरने उलटा आवाज सोडायच्या, पद्धतीचा खरा फायदा इथे आहे. तिला सूर सरकला तरी त्याच्या मागे जाता येतं.

आता ॲक्टिव्हकडे. ही कल्पना नवी नाही. पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटात नळीतला आवाज आधी माइकने टिपून पुढच्या स्पीकरने उलटा सोडायची मांडणी आहे. त्यालाच आपण फीडफॉरवर्ड म्हणतो. ओल्सन आणि मे यांनी १९५३ मध्ये दाखवलेल्या मांडणीत माइक स्पीकरच्या अगदी जवळ आणि त्याच माइकचा सिग्नल उलटवून स्पीकरला, म्हणजे फीडबॅक. एवढ्या जुन्या गोष्टी कामाला आल्या त्या गणन स्वस्त झाल्यावर. १९८१ मध्ये बर्जेस यांनी डक्टमधल्या ॲडॅप्टिव्ह (स्वतःला सतत जुळवून घेणाऱ्या) नियंत्रणाचं संगणकावरचं प्रारूप मांडलं आणि आजचे बहुतेक कंट्रोलर त्याच घराण्यातले आहेत.

तुमच्या जागी फीडबॅकच का? फीडफॉरवर्डमध्ये माइक आणि स्पीकर यांच्यात काही मीटर सरळ डक्ट लागतो, आणि तापमानाचं दुखणं तिथे मोठं. माइक ते स्पीकर ४ मीटर धरा. पहाटे डक्ट २५ अंश, रात्री ५० अंश. ध्वनीला लागणारा वेळ ११.६ मिलिसेकंदांवरून ११.१ वर येतो. १५० हर्ट्झला हा फरक २५ अंशांच्या आसपासचा फेज झाला (लाटेचं एक पूर्ण चक्र ३६० अंशांचं धरून ती किती मागेपुढे झाली त्याचं माप), आणि १० डेसिबल घट टिकवायची तर फेजची चूक १८ अंशांच्या आत लागते, २० डेसिबलसाठी ६ अंशांच्या आत. फीडबॅकमध्ये माइक स्पीकरपासून अर्ध्या मीटरच्या आत असतो, तिथे तोच फरक ३ अंशांच्याही खाली राहतो. शिवाय स्पीकरचा आवाज उलट दिशेने रेफरन्स माइकमध्ये (आवाज आधी टिपणाऱ्या माइकमध्ये) शिरून शिट्टी वाजायची फीडफॉरवर्डमधली कटकट इथे नाही. (इथली शिट्टी वेगळी आहे. ती पुढे येते.)

डक्ट ॲक्टिव्ह नियंत्रणाला लायक आहे का, हे एका भागाकारात कळतं. चौकोनी डक्टमध्ये ध्वनीचा वेग ÷ (२ × रुंदी) या वारंवारतेच्या खाली लाट सपाट चालते, पूर्ण छेदावर दाब एकसारखा. तुमच्याकडे ३५५ ÷ ०.९ = सुमारे ३९४ हर्ट्झ. १५० आणि त्याची दुप्पट ३००, दोन्ही त्याच्या खाली बसतात. डक्ट ६०० मिलिमीटर रुंद असता तर ही मर्यादा २९६ वर आली असती आणि ३०० साठी एक माइक, एक स्पीकर पुरला नसता. गोल डक्टसाठी हीच मर्यादा ०.५८६ × वेग ÷ व्यास.

जागा निवडणं हे या कामातलं सगळ्यात मोलाचं काम आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ब्लोअरनंतरचं वळण संपल्यापासून पुढच्या तीन मीटरांत दर २०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक पाडा, नंतर रबरी बुचाने बंद करता येतात. ब्लोअर चालू ठेवून प्रत्येक भोकातून १५० हर्ट्झची पातळी लिहून काढा. वरच्या तोंडाकडून आणि वळणांवरून आवाज परततो, त्यामुळे दर १.२ मीटरवर दाबाचा खड्डा आणि मधे उंचवटा दिसेल. माइक खड्ड्यात बसला तर कंट्रोलरला वाटतं आवाज आधीच कमी आहे, आणि तो नको तिथे जोर लावतो. माइक उंचवट्याजवळ ठेवा.

स्पीकरचं वेगळं. तो वर जाणारा आवाज अडवतो म्हणजे प्रत्यक्षात त्याला ब्लोअरकडे परतवतो. ब्लोअरकडून परत आलेली लाट स्पीकरच्याच लाटेला खोडत असेल, तर त्या जागी स्पीकर कितीही दणकावला तरी वर काही पोचत नाही. म्हणून ब्लोअर बंद ठेवून स्पीकर तात्पुरता लावा, १३० ते १७० हर्ट्झ हळूहळू फिरवा आणि वरच्या भोकात मोजा. १५० च्या आसपास खड्डा आला तर पेटी ३०० मिलिमीटर सरकवा. आवाज परतल्यामुळे ब्लोअर आणि स्पीकर यांमधला डक्ट आधीपेक्षा जास्त घुमतो, तेव्हा तेवढ्या भागावर रॉकवूल आणि वर दुसरा पत्रा चढवा. नाहीतर तिसऱ्या मजल्याची तक्रार तळमजल्यावर येईल.

माइक आणि स्पीकर यांच्यातलं अंतर किती? जवळ आणावं तर उशीर कमी, पण स्पीकरच्या तोंडाशी दाब छेदभर सारखा नसतो. तिथे शांतता साधली तर ती माइकच्या नाकापुरतीच असते. आडवी, म्हणजे डक्टच्या रुंदीत उठणारी, लाट १५० हर्ट्झला तुमच्या डक्टमध्ये २०० मिलिमीटरवर फक्त ११ डेसिबल उतरलेली असते, ४५० मिलिमीटरवर २५. एकच सूर मारायचा असल्याने उशिराची चिंता कमी, म्हणून ४५० घ्या. त्याहून चांगला इलाज म्हणजे समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्पीकर एकाच फेजमध्ये, आणि तसेच समोरासमोर दोन माइक, त्यांची बेरीज. पहिली आडवी लाट मग उठतही नाही आणि टिपलीही जात नाही. दोन माइकांची बेरीज वाऱ्याच्या खडखडाटावरही ३ डेसिबल मिळवून देते, कारण तो दोन भिंतींवर वेगवेगळा असतो.

स्पीकर किती मोठा? लोक इथे उगाच १५ इंची घेतात. डक्टमधला सूर १०० डेसिबल, म्हणजे २ पास्कल धरू. छेद ०.२ चौरस मीटर, हवेचा अवरोध सुमारे ४००. दोन्ही दिशांना मिळून लागणारा हवेचा प्रवाह २ × ०.२ × २ ÷ ४०० = ०.००२ घनमीटर प्रतिसेकंद. ८ इंची स्पीकरच्या सुमारे २१० चौरस सेंटिमीटर पडद्याला हे साधायला मध्यापासून जेमतेम ०.१५ मिलिमीटर हलावं लागतं, अर्धा वॅटही लागत नाही. ११५ डेसिबलला हालचाल ०.८ मिलिमीटर आणि वीज १० वॅटच्या आतबाहेर. म्हणजे ८ इंची दोन आणि ५० वॅटचा साधा ॲम्प्लिफायर भरपूर झाला. लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या कार स्पीकरमधले पॉलिप्रॉपिलीन पडद्याचे आणि रबरी कडेचे निवडा. कागदी पडदा जुलैच्या दमटपणात फुगतो आणि फोमची कड दोन पावसाळ्यांत चुरा होते.

पेटी बंद, प्रत्येक स्पीकरला २५ लिटर, आणि प्लायची नको. धुराच्या डक्टला तेल चिकटतं, त्याला लाकडाची पेटी जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण. १.६ मिलिमीटर पत्र्याची झाळून घ्या, आतून बिटुमेनचे पॅड, फ्लँजला निओप्रीनचं गॅस्केट. पेटी स्क्रबर आणि ब्लोअरच्या पुढेच बसवायची, तेलकट बाजूला कधीच नाही. पडद्यासमोर २५ मायक्रॉनची पॉलिस्टर फिल्म सैल ताणून लावा, ती ध्वनी अडवत नाही आणि तेल अडवते.

पेटीतली एक बारीक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. डक्टमध्ये स्थिर दाब असतो, समजा २५० पास्कल. ८ इंची पडद्यावर तो पाच न्यूटनांनी ढकलतो, म्हणजे अर्ध्या किलोचं वजन चोवीस तास ठेवल्यासारखं. मागची बाजू उघडी असेल तर पडदा ५ मिलिमीटर बाहेर सरकून बसतो, कॉइल चुंबकाच्या फटीतून जवळजवळ निघते आणि फाटका आवाज येतो. पेटी पूर्ण हवाबंद असली तरी दीड मिलिमीटर सरकतोच. म्हणून पेटीला डक्टच्या आत उघडणारं दीड मिलिमीटरचं भोक हवं. बाहेर उघडणारं नव्हे, डक्टच्या आतच. दाब दोन्हीकडे सारखा होतो आणि पडदा मधोमध राहतो. १५० हर्ट्झला एवढ्या भोकातून काही गळत नाही.

या मापांत स्पीकरचा स्वतःचा सूर पेटीसकट ६५ हर्ट्झच्या आसपास येतो, तो जाणूनबुजून तिथे ठेवायचा. त्या सुराजवळ फेज झपाट्याने फिरतो, आणि रबराची कड थंडीत कडक, उन्हाळ्यात सैल झाली की तो सूर सरकतो. मारायचा सूर त्याच्या दुपटीवर असला की पडदा निव्वळ वजनाच्या हिशेबाने चालतो आणि कडेच्या लहरीशी त्याला फारसं देणंघेणं राहत नाही.

माइक साधा इलेक्ट्रेट चालतो. पितळी नळीत, भिंतीच्या पातळीवर, पुढे १० मिलिमीटर फोम आणि त्यावर तीच पातळ फिल्म. डक्टमध्ये हवा ८ मीटर प्रतिसेकंदाने वाहते, त्याच्या भोवऱ्यांचा दाब माइकला ध्वनीच वाटतो. फीडबॅकचं इथे विचित्र होतं. कंट्रोलर माइकवरची एकूण बेरीज शून्य करू पाहतो, त्यामुळे तो भोवऱ्यांचा खोटा आवाज खऱ्या आवाजात उलटा ओततो. ब्लोअर चालवून स्पेक्ट्रम बघा. १५० चा सुळका आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान १५ डेसिबल वर हवा. कमी असेल तर माइक वळणापासून दूर न्या. भोवऱ्यांपासून पळायला तोच एक मार्ग खात्रीचा.

आता कंट्रोलर. दोन रस्ते आहेत. ऑप-ॲम्पचं (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचं) ठरावीक सर्किट करता येतं, पण त्यात आखूड पांघरुणाची गत होते. डोक्यावर ओढलं की पाय उघडे. बोडे यांचा नियम सांगतो की फीडबॅकने एका पट्ट्यात जेवढं कमी करू, तेवढं दुसरीकडे वाढणारच. २० हर्ट्झच्या पट्ट्यात १२ डेसिबल काढले तर ती २० × १२ = २४० ची रक्कम कुठेतरी भरावी लागते, समजा शेजारच्या ८० हर्ट्झवर प्रत्येकी ३ डेसिबल वाढून. लूपमधला, म्हणजे माइक-कंट्रोलर-स्पीकर-माइक या फेरीतला, उशीर जेवढा जास्त तेवढी ही वाढ सुराला खेटून येते. म्हणून पट्टा अरुंद ठेवायचा. ३ हर्ट्झच्या पट्ट्यात १५ डेसिबल काढले तर भरायची रक्कम ४५, ती कानाला जाणवत नाही.

पण सूर सरकता असल्याने अरुंद पट्ट्याने त्याच्या मागे जावं लागतं. म्हणून दुसरा रस्ता, ॲडॅप्टिव्ह फिल्टर. त्याची युक्ती अशी. माइकवर येतो तो ब्लोअरचा आवाज अधिक स्पीकरचा आवाज. स्पीकरला काय पाठवलं हे आपल्याला माहीत असतं. स्पीकरपासून माइकपर्यंतच्या वाटेची, म्हणजे सेकंडरी पाथची, आधी मोजलेली प्रतिकृती असेल तर स्पीकरचा वाटा माइकमधून वजा करता येतो. उरतो तो नुसत्या ब्लोअरचा आवाज. तोच रेफरन्स म्हणून फिल्टरला द्यायचा आणि फिल्टरची वजनं (आतले गुणक) माइकवरचा उरलेला आवाज कमी होईल अशी बदलत राहायची. तुम्ही वाचलं असेल तो फिल्टर्ड-एक्स एलएमएस हाच, फक्त रेफरन्स घरचा.

या सगळ्याचा जीव त्या प्रतिकृतीत आहे. वाचनात 'फेजची चूक ९० अंशांपर्यंत चालते' असं आढळेल. ते वजनं योग्य दिशेला सरकण्यापुरतं खरं, आणि फीडफॉरवर्डला लागू. इथे प्रतिकृती चुकली की स्पीकरचा वाटा पूर्ण वजा होत नाही, उरलेला रेफरन्समध्ये शिरतो, फिल्टरमधून परत स्पीकरला जातो, आणि झाला खराखुरा लूप. फिल्टरचा गुणक गुणिले प्रतिकृतीची चूक ही रक्कम प्रत्येक वारंवारतेला एकच्या खाली राहिली पाहिजे. फक्त १५० ला नव्हे. शिट्टी बहुतेक वेळा २२० किंवा २८० अशा कुठल्यातरी अनोळखी जागी सुटते, जिथे मारायला सूरच नव्हता, फिल्टरचा गुणक मात्र निष्काळजीपणे वाढत गेला होता.

आकडे असे घ्या. सॅम्पलिंग २ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोन हजार मोजमापं. आधी ६०० हर्ट्झचा चौथ्या श्रेणीचा लो-पास (त्यावरचे सूर गाळणारा फिल्टर), येताना आणि जाताना दोन्हीकडे. सेकंडरी पाथला १२८ टॅप (एकेका मोजमापासाठी एकेक वजन), म्हणजे ६४ मिलिसेकंद, ज्यात जवळच्या वळणांवरून परतलेला आवाज मावतो. मुख्य फिल्टरला ३२ टॅप पुरतात. जास्त दिले की तो भोवऱ्यांचाही पाठलाग करू लागतो. हार्डवेअर गणन असलेला कुठलाही ३२ बिटी मायक्रोकंट्रोलर हे सहज पेलतो.

प्रतिकृती मोजताना ६० ते ५०० हर्ट्झचा पांढरा आवाज (सगळे सूर सारख्या जोराने असलेली सळसळ) एक मिनिट सोडा. पहिल्यांदा ब्लोअर बंद, मग ब्लोअर चालू, मग रात्री नऊला डक्ट पूर्ण तापलेला असताना. तिन्ही वेळची १५० ची फेज लिहून ठेवा. फरक २० अंशांच्या आत असेल तर गरम डक्टची प्रतिकृती कायम वापरा. जास्त असेल तर गडबड बहुधा स्पीकरची नसून दूरवरून परतणाऱ्या आवाजाची असते. त्यावर उपाय माइक सरकवणं हा, सॉफ्टवेअरमध्ये खटपट करणं हा नव्हे.

स्टेप साइज (वजनं दर खेपेला किती सरकवायची ते माप) लहान ठेवून सुरुवात करा, दर वेळी दुप्पट करा, फिल्टर भरकटू लागला की तिथून एक चतुर्थांशावर या. वजनांना ०.९९९९ ची गळती द्या. २ किलोहर्ट्झला तिचा काळ ५ सेकंद होतो, म्हणजे गरज नसलेली वजनं आपोआप झिजतात आणि ती अनोळखी शिट्टी टळते. गळतीपायी एक-दोन डेसिबल घट कमी मिळते. ती मिळू द्या.

राखणदारी सोडू नका. माइकवरची पातळी कंट्रोलर बंद असतानाच्या पातळीपेक्षा ६ डेसिबल वर दोन सेकंद राहिली तर सगळी वजनं शून्य. माइकचा बायस व्होल्टेज (त्याला चालवणारा) गेला, म्हणजे वायर तुटली किंवा उंदराने कुरतडली, तर ॲम्प्लिफायर म्यूट. ब्लोअर बंद झाला की वजनं गोठवा. रात्री दोनला घरगल्लीत स्पीकर किंचाळला तर त्या घुमाऱ्याबद्दल रहिवाशांना माया वाटू लागेल.

एक आडवळण, पण महत्त्वाचं. ब्लोअरच्या शाफ्टवर प्रॉक्सिमिटी सेन्सर (शाफ्टची फेरी न शिवता टिपणारा) बसवण्याइतकी जागा असेल, तर फेरीला एक पल्स घेऊन त्याच्या दहापट सूर कंट्रोलरमध्येच तयार करा आणि तो रेफरन्स म्हणून वापरा. त्याला भोवरे नाहीत, स्पीकरचा वाटा नाही, वजाबाकीची भानगड नाही, एका सुराला फक्त दोन वजनं. तिथे प्रतिकृतीची ९० अंशांची सवलतही खरोखर मिळते. तुम्ही फीडबॅक विचारलंत म्हणून तो सांगितला, पण शाफ्टपाशी हात पोचत असेल तर हा रस्ता निवडा. माइक, स्पीकर, पेटी, जागा, सगळं तसंच राहतं.

अपेक्षा काय ठेवायची? डक्टमध्ये माइकपाशी १५ ते २० डेसिबल, वर खिडकीशी त्या सुरात १० ते १२. आता मीटरचं बघा. १५० हर्ट्झला ए-वेटिंग (कानासारखे खालचे सूर कमी मोजायची पद्धत) सुमारे १४ डेसिबल कापतं. खिडकीशी सूर ७० डेसिबल असेल तर मीटरला तो ५६ दिसतो, बाकीचा आवाज ५२ धरला तर एकूण साडेसत्तावन्न. सूर १२ ने उतरवला की एकूण साडेबावन्नच्या वर. कानाला घुमारा गेल्यासारखा वाटतो, कागदावर पाचच डेसिबल. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल-ए आहे, दिवसा ५५. म्हणजे सोसायटीने मोजमापाची मागणी केली तर नुसत्या ॲक्टिव्हवर तुम्ही सुटणार नाही. ३०० हर्ट्झच्या वरचा भाग सायलेन्सरनेच आणखी उतरवावा लागेल, आणि पत्र्याच्या भिंतीतून फुटणाऱ्या आवाजासाठी तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोरचा डक्ट झाकावा लागेल.

चालू झाल्यावर महिन्यातून एकदा पेटीचं दीड मिलिमीटरचं भोक सुईने साफ करा, ते तेलाने बुजलं की पडदा पुन्हा सरकतो आणि पहिलं लक्षण म्हणजे ३०० हर्ट्झला नवा सूर दिसू लागतो. फिल्म दर तीन महिन्यांनी बदला. मे अखेरीस आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात प्रतिकृती नव्याने मोजा, आणि पट्टा बदलला असेल तर टॅकोमीटरही लावा, कारण नव्या पट्ट्याने आरपीएम थोडे वर जातात आणि सूर १५० राहत नाही.